साताऱ्यात पोलिसांच्या मदतीला उभं राहायचंय? होमगार्ड, ग्रामसुरक्षा दल आणि पोलीस मित्र यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं मी सातारा जिल्ह्यात होमगार्ड म्हणून बंदोबस्त केला. आता गावच्या ग्रामसुरक्षा दलात रात्रगस्तीला असतो. भरतीची जाहिरात निघाली, गणपती जवळ आले किंवा गावात विहिरीवरची एखादी मोटार चोरीला गेली, की पोरंपोरी आणि त्यांचे आईवडील घरी येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. वाचून झाल्यावर कुणाला वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही, तर तेही आधीच कळलेलं चांगलं. बंदोबस्ताच्या दिवशी रिकामा पडलेला पॉइंट, म्हणजे उभं राहायला नेमून दिलेली जागा, फार महागात जातो.

होमगार्ड, ग्रामसुरक्षा दल, पोलीस मित्र, विशेष पोलीस अधिकारी... हे सगळं एकच ना?

नाही. आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. 6 डिसेंबर 1946 ला तेव्हाच्या मुंबई प्रांतात ते सुरू झालं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, त्याचा कायदा झाला. दंगलींचे दिवस होते, पोलीस कमी पडत होते, म्हणून साध्या नागरिकांना कवायत शिकवून तयार ठेवायचं ठरलं. जिल्ह्याला समादेशक म्हणजे दलाचा प्रमुख असतो, त्याच्या हाताखाली तालुक्याची पथकं. गणवेश असतो, हजेरी लागते, कामावर बोलावलं की त्या दिवसांचं मानधन मिळतं.

ग्रामसुरक्षा दल हे गावाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मधल्या कलम 63 ब मध्ये गावोगावी अशी स्वयंसेवी दलं उभी करायची तरतूद आहे. त्याला गणवेश नाही, पगार नाही. काठी, बॅटरी, शिट्टी आणि पोलीस ठाण्यातल्या यादीत नाव, एवढंच.

विशेष पोलीस अधिकारी हा त्याच अधिनियमाच्या कलम 21 मधला प्रकार. दंगलीची किंवा मोठ्या गडबडीची भीती असेल तेव्हा पोलीस अधीक्षक लेखी आदेशाने तेवढ्यापुरती नेमणूक करतात. यात कायद्याचे अधिकार मिळतात आणि जबाबदारीही तेवढीच येते. हातात तो लेखी आदेश नसेल तर कुणीही स्वतःला विशेष पोलीस अधिकारी म्हणवून घेऊ नये.

पोलीस मित्र म्हणजे ठाण्याने ओळखपत्र दिलेला मदतनीस. गणपती, नवरात्र, परीक्षा केंद्र, शाळा सुटायच्या वेळची गर्दी अशा ठिकाणी तो पोलिसांबरोबर उभा राहतो. त्याच्याकडे सामान्य नागरिकापेक्षा जास्त अधिकार काहीही नसतात. ते ओळखपत्र टोलनाक्यावर दाखवायला दिलेलं नसतं.

पोलीस पाटील या यादीत बसत नाही. ते 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचं पद आहे. प्रांताधिकारी लेखी परीक्षा घेऊन नेमणूक करतात. 2024 मध्ये त्यांचं मानधन महिना 6500 वरून 15000 रुपये झालं. तुम्ही ग्रामसुरक्षा दलात आलात तर रोजचा संबंध मात्र त्यांच्याशीच येणार.

होमगार्ड ही सरकारी नोकरी आहे का? पगार किती?

नोकरी नाही. दलाचं ब्रीद ‘निष्काम सेवा’ आहे. बोलावलं तेवढ्या दिवसांचा कर्तव्य भत्ता मिळतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने तो दिवसाला 570 वरून 1083 रुपये केला. त्याआधी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की होमगार्डला दिवसाला निदान पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकं तरी मिळालं पाहिजे.

ही वाढ मोठी आहे आणि ती व्हायलाच हवी होती. तरी घर चालवायला याच्यावर अवलंबून राहू नका, असं मी प्रत्येक आईबापाला सांगतो. वर्षात किती दिवस काम निघेल याचा नेम नसतो. निवडणुकीच्या वर्षात बोलावणी भरपूर येतात, नंतर काही महिने फोनही येत नाही. ड्युटी झाली की त्याच दिवशी पैसे हातात पडत नाहीत, बिलं मंजूर होऊन खात्यावर जमा होतात. हप्त्यावर गाडी घ्यायची असेल तर दुसरं उत्पन्न आधी बघा.

पात्रता काय लागते?

अलीकडच्या भरतीतल्या अटी अशा होत्या: किमान दहावी पास, वय 20 ते 50, उंची पुरुषांना 162 सेंटिमीटर आणि महिलांना 150. पुरुषांची छाती न फुगवता 76 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. धावणं पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर, आणि गोळाफेक. रहिवासी दाखला, दहावीची सनद, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, खासगी नोकरीत असाल तर मालकाचं ना हरकत पत्र. एनसीसी, आयटीआय, जड वाहनाचा परवाना, खेळाची प्रमाणपत्रं असतील तर तीही जोडा, त्याला गुण मिळतात. अटी जाहिरातीगणिक थोड्या बदलतात, म्हणून फॉर्म भरताना चालू जाहिरातच समोर ठेवा.

भरतीसाठी पैसे मागणारा कुणीही भेटला, अगदी ओळखीचा असला तरी, तो खोटा समजा.

धावण्याची तयारी कुठे करू?

1600 मीटर म्हणजे 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. साताऱ्यात राहणारे शाहू स्टेडियमवर जातात, काही यवतेश्वरच्या घाटात पळतात. खेड्यातल्यांना कालव्याच्या कडेची वाट पुरते. दीड-दोन महिने रोज पहाटे उठलात तर चाळिशीतला माणूसही पार होतो, मी पाहिलेलं आहे. एवढंच सांगतो, चाचणीच्या दिवशी नवे बूट घालू नका.

मुलींनी यावं का? घरचे नको म्हणतात.

यावं, आणि जास्त संख्येने यावं. मांढरदेवीच्या पायऱ्यांवर, नवरात्रात, एसटी स्टँडवर, मतदान केंद्रावर बायकांची रांग बायकांनीच सांभाळावी लागते. चेंगराचेंगरीत एखाद्या बाईला धरून बाहेर ओढायची वेळ आली, तर पुरुष होमगार्ड क्षणभर बिचकतो. तो क्षण वाया जातो.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. बारा-बारा तास उभं राहायचं आणि स्वच्छतागृह अर्ध्या किलोमीटरवर, असं होतं. आमच्या पथकातल्या मावशींनी यावर सरळ उपाय काढला होता. पॉइंट मिळाला की पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या घरात जाऊन त्या घरच्या बाईशी ओळख करून घ्यायची. दिवसभर पाणीही मिळायचं आणि दारही उघडं असायचं. प्रमुखाला आधीच सांगा की दोघींना एकत्र पॉइंट द्या. मागितलं की बहुतेक वेळा मिळतं.

काम नेमकं काय असतं?

उभं राहणं. हसू नका, हेच सगळ्यात अवघड काम आहे.

25 जानेवारी 2005 ला, शाकंभरी पौर्णिमेला, मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास 300 भाविक गेले. मी तेव्हा दहावीत होतो. आमचं घर रस्त्याला लागून, रात्रभर रुग्णवाहिकांचे आवाज येत होते आणि आजी देवापुढे बसून राहिली होती. पुढे होमगार्डमध्ये गेल्यावर त्याच डोंगरावर ड्युटी लागली, तेव्हा त्या दिवशी काय झालं असेल ते पायांनी समजलं. नारळाच्या पाण्याने आणि तेलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, मधे अरुंद वाट. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जागी भेटतात. एक घसरतो, त्याच्यावर दुसरा. दुकानांना आग लागली आणि पळायला वाट उरली नाही.

अशा ठिकाणी तुमचा पॉइंट म्हणजे दहा फुटांची जागा. त्या दहा फुटांत चढणारे आणि उतरणारे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. कुणी पायरीवर पंगत मांडून बसलं तर गोड बोलून उठवायचं. सांडलेल्या पाण्यावर माती टाकायची. मागून रेटा वाढला की खालच्या पॉइंटला खूण करून रांग तिथेच थांबवायची, आपल्यापर्यंत येऊ द्यायची नाही. आणि जेवायला जाताना बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आठ तास काहीच घडत नाही. काही घडलं नाही म्हणजेच काम झालेलं असतं, पण ते कुणाला दिसत नाही.

दुसरं काम म्हणजे माणसांना माणसं मिळवून देणं. माउलींची पालखी नीरा नदीवर स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम असतो, पुढे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. लोणंदला एका वारीत संध्याकाळी परभणीकडची एक आजी माझ्या पॉइंटवर येऊन बसली.

“लेकरा, माझी दिंडी हुकली.”

“आजी, दिंडी रथापुढची का रथामागची?”

“मागची रे. नंबर ध्यानात नाही माय.”

रथामागे शेकडो दिंड्या. तिच्या पिशवीच्या आतल्या बाजूला नातवाने बॉलपेनने दिंडीप्रमुखाचा नंबर लिहिला होता, पण नीरेत पिशवी भिजली आणि शेवटचा आकडा पुसून गेला. मी शून्यापासून एकेक आकडा लावत गेलो. कुणी चिडलं, कुणी उचललाच नाही, एक जण नाशिकचा निघाला. सातव्या फोनवर मागून टाळांचा आवाज आला आणि आजीने माझ्या हातातून फोनच घेतला. तासाभराने एक वारकरी दादा तिला न्यायला आले. जाताना तिने पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू माझ्या खिशात कोंबला.

तेव्हापासून वारीच्या ड्युटीवर मी चार पक्क्या शाईची पेनं नेतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर दिंडीचा नंबर लिहून देतो. तुम्हीही न्या.

लाठी मिळते का? मारायचा अधिकार आहे का?

कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं, हे खरं. पण बळाचा वापर अधिकाऱ्याच्या आदेशाने होतो, आपल्या रागाने नाही. पोलीस मित्राला हा अधिकार मुळीच नाही, आणि ग्रामसुरक्षा दलानेही स्वतःहून बळ वापरायचं नाही. त्यांची काठी कुत्र्यासाठी, सापासाठी आणि अंधारात पुढची जमीन चाचपायला.

एका गावात विसर्जनाच्या मिरवणुकीत एका स्वयंसेवकाने नाचणाऱ्या पोराच्या कानाखाली लावली. पोराची चूक होती, त्याने बॅरिकेड ढकललं होतं. पण स्वयंसेवकाच्या गळ्यात ठाण्याचं ओळखपत्र होतं, त्यामुळे पुढची दोन वर्षं त्या आळीतलं एकही पोर पोलीस मित्र व्हायला आलं नाही. मी तिथे चार हातांवर उभा होतो आणि त्याला वेळेत मागे ओढलं नाही, हे मला अजून लागतं.

चोर समोर सापडला तर पकडायचा की नाही?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 40 प्रमाणे कुठल्याही नागरिकाला, स्वतःच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी म्हणून जाहीर झालेल्या गुन्हेगाराला पकडता येतं. पण त्याला विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. जुन्या कायद्यात सहा तासांची ही मर्यादा नव्हती.

‘डोळ्यांदेखत’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. “हाच असणार” म्हणून कुणाला धरता येत नाही. पकडल्यावर खांबाला बांधणं, मारणं, व्हिडिओ काढणं, गावातून फिरवणं यातलं काहीही केलंत, की गुन्हेगार तुम्ही होता. आधी 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा, मग त्याला बसवा, पाणी द्या आणि भोवती आपलीच माणसं उभी करा. त्याला पळू न देण्यापेक्षा जमावाच्या हाती न लागू देण्यात जास्त ताकद लागते.

गाड्या अडवून लायसन्स तपासता येतं का?

नाही. होमगार्ड वाहतुकीला हात दाखवू शकतो, रस्ता मोकळा करू शकतो. दंड करणं, गाडीची चावी काढून घेणं हे त्याचं काम नाही. पोलीस मित्राचं तर नाहीच.

आमच्या गावात ग्रामसुरक्षा दल कसं सुरू करायचं?

ग्रामसभेत विषय घ्या. पोलीस पाटील आणि बीट अंमलदार (तुमच्या भागाची जबाबदारी असलेले पोलीस) दोघांनाही बोलवा. इच्छुकांची नावं, फोन नंबर आणि आधार ठाण्यात द्या, पडताळणी होऊ द्या. यादीत सगळ्या आळ्यांची, सगळ्या वस्त्यांची माणसं असली पाहिजेत. एकाच भावकीचं दल म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी. मळ्यातल्या वस्तीवरची दोन माणसं हवीतच, कारण गावठाणात चोरी कमी होते. विहिरीवरच्या मोटारीची केबल, डीपीतलं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं) तांबं आणि गोठ्यातली शेळी जाते ती रानातून.

चार-चार जणांचे गट करा. प्रत्येकाची आठवड्यातून एकच पाळी ठेवा, नाहीतर महिनाभरात दल गळून जातं. पोरांचा उत्साह गणपतीपर्यंत टिकतो, उसाची तोड सुरू झाली की संपतो, म्हणून पाळ्या लावताना कुणाची तोड कधी आहे ते आधी विचारा. निघताना आणि परतताना ग्रामपंचायतीच्या वहीत वेळ आणि सही. गस्तीची वेळ आणि वाट रोज बदला. रात्री एक वाजता शाळेपासून देवळापर्यंत, असं ठरून गेलं की चोर दीड वाजता येतो.

उसात शिरायचं नाही. कराड-पाटण भागात उसात बिबट्या असतो हे सांगायला नको, आणि चोराच्या मागे फडात शिरलेला माणूस कुणाला दिसतही नाही. फडाच्या बांधावर बॅटऱ्या लावून थांबा आणि फोन करा.

ग्राम सुरक्षा यंत्रणेत गाव जोडलेलं नसेल तर जोडून घ्या. एकाने ठरलेल्या नंबरवर फोन करून निरोप सांगितला की तो त्याच वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर वाजतो. आग, पूर, चोरी, हरवलेलं मूल, सगळ्याला उपयोगी. फक्त म्हाताऱ्यांचे साधे फोनही नोंदवून घ्या. त्यांना झोप कमी असते, पहिला फोन तेच उचलतात.

दारूबंदीचं ग्रामरक्षक दल ते हेच का?

नाही. ते 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन आलं, अवैध दारूची माहिती देण्यासाठी. त्याची निवड वेगळी, काम वेगळं. नावं सारखी वाटतात म्हणून अर्ज करताना नीट बघा.

रात्री अनोळखी माणूस दिसला तर काय करायचं?

याचं उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा देतो आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, मंगळवेढ्याकडचे. तेवढं लांबही जायला नको. सप्टेंबर 2022 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच संशयावरून लोकांनी बेदम मारलं. ते पंढरपूरच्या वाटेवर होते, रस्ता विचारत होते.

आपल्या जिल्ह्यात अनोळखी माणूस ही रोजची गोष्ट आहे. ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात, माण-खटावातले मेंढपाळ मेंढरं घेऊन रानोरान फिरतात, वासुदेव येतो, नंदीवाले येतात, फेरीवाले येतात. ही माणसं आपल्या पोटासाठी रात्रीबेरात्री चालतात.

म्हणून आमच्या दलाचा नेम असा: चौघांतला वयाने सगळ्यात मोठा एकटाच पुढे जातो, बाकीचे दहा पावलं मागे. बॅटरी तोंडावर मारायची नाही, जमिनीवर धरायची. आधी “रामराम पाहुणं, कुठून आलासा?” मग नाव, गाव, कुणाकडे जायचंय. उत्तर पटलं नाही तर पोलीस पाटलांना फोन, नंतर ठाण्याला. फोटो काढायचा असेल तर तो फक्त ठाण्याला पाठवायचा, गावच्या ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर फोटो गेला की पहाटेपर्यंत तो माणूस दहा गावांत चोर ठरतो.

मागच्या थंडीत आम्हाला पाणवठ्याजवळ एक बाई आणि दोन मुलं दिसली. दलातला एक पोरगा लगेच म्हणाला, “मुलं हिची वाटत नाहीत.” विचारलं तर ती तोडीच्या टोळीतली. धाकट्याला ताप होता, दवाखाना कुठे ते माहीत नव्हतं. आम्ही तिला मोटारसायकलवर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. नंतर त्याच पोराने तिच्या खोपीवर पांघरूण पोचवलं.

व्हॉट्सॲपवर अफवा आली तर आम्ही काय करायचं?

पुढे पाठवायची नाही, आणि “ही अफवा आहे” असं लिहूनही पुढे पाठवायची नाही. स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ ठाण्याला कळवा. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल पेटली आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. अशा रात्री ग्रामसुरक्षा दलाचं खरं काम असतं ते आपल्या आळीतल्या पोरांना घराबाहेर पडू न देण्याचं. त्यांच्या आयांना फोन करा. आई दारात उभी राहिली की पोरगं उंबरा ओलांडत नाही.

पूर, दरड अशा वेळी बोलावतात का?

हो. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते तुटले होते, आणि पहिली मदत शेजारच्या वाडीतल्या माणसांनीच केली. अशा ठिकाणी हातात फावडं घेण्याआधी घरागणिक माणसांची यादी करा. कोण सापडलं, कोण पाहुणं आलं होतं, कोण मुंबईला आहे. बचाव पथक आलं की पहिला प्रश्न तोच विचारतं.

पाण्यात उतरण्याबद्दल एकच सांगतो. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. बोटीच्या दोराजवळ तुम्ही उभे असाल तर मोजून माणसं घ्या. मागून कितीही आरडाओरडा झाला तरी ठरल्यापेक्षा एकही जास्त घेऊ नका. त्या क्षणी तुम्ही गावाला निर्दयी वाटाल. वाटू द्या.

आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहायची वेळ आली तर?

येते. माझ्या चुलतभावाच्या मंडळाचा डॉल्बी रात्री दहानंतर चालू होता आणि पॉइंट माझा होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “दादा, बंद कर, नाहीतर मी साहेबांना सांगणार.” त्याने बंद केला नाही. मी सांगितलं. मशीन जप्त झालं. वर्षभर काकूंच्या घरी मला चहा मिळाला नाही. दिवाळीला मीच गेलो, पाया पडलो, तेव्हा निवळलं.

आपण गावातले, म्हणून लोक आपलं ऐकतात. आपण गावातले, म्हणूनच आपल्याला सूट मागतात. असा पॉइंट मिळाला तर प्रमुखाला आधीच सांगा की इथे माझं घर आहे, मला दुसरीकडे द्या. त्यात कमीपणा नाही. बदलून मिळाला नाही, तर नियम सगळ्यात आधी आपल्या घरच्यांना लावा.

ड्युटीवर दुखापत झाली तर?

त्याच दिवशी, त्याच ठाण्यात, लेखी नोंद करून घ्या. वेळ, पॉइंट, काय झालं, कुणी पाहिलं. “आता घरी जातो, उद्या बघू” म्हणालात की पुढची कागदपत्रं अडतात. सरकारी रुग्णालयातली केसपेपरची प्रत जपून ठेवा.

पोलीस भरतीला याचा फायदा होतो का?

होमगार्डमध्ये तीन वर्षांची सेवा पूर्ण झाली की राज्य पोलीस दलात, तसंच वन विभागात आणि अग्निशमन दलात 5 टक्के आरक्षण मिळतं. बरेच जण एवढ्यासाठीच येतात आणि त्यात वाईट काही नाही. आमच्या पथकातल्या तिघांना वर्दी मिळाली. आजही बंदोबस्तावर भेटले की होमगार्डला आधी पाणी विचारतात, मग आपण पितात.

पोलीस मित्र किंवा ग्रामसुरक्षा दलातल्या कामाला असं आरक्षण नाही. कुणी तसं सांगून नाव नोंदवायला लावत असेल तर फसू नका.

पहिल्या ड्युटीला बरोबर काय न्यावं?

ओळखपत्र आणि बोलावण्याचा कागद, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन लिटर पाणी, भाकरी आणि काहीतरी कोरडं, कारण जेवणाची गाडी शेवटच्या पॉइंटला शेवटी येते. जास्तीचे मोजे. शिट्टी, आणि ती गळ्यात, खिशात नको. बॅटरी. चार्ज केलेला साधा फोन. स्मार्टफोन असेल तर चालेल, पण पॉइंटवर तो बघत उभे राहू नका. छोटी वही, तिच्यात ठाण्याचा, प्रमुखाचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहून. एक जुनी साडी किंवा चादर. जखमी माणसाला उचलायला, भोवळ आलेल्या बाईला आडोसा करायला किंवा रात्री आपल्यालाच पांघरायला ती लागते. आणि वारी असेल तर ती चार पक्क्या शाईची पेनं.